चुन्याचे दोन पट्टे

"उपटा ते!"

गुडघाभर चिखलात वाकून मी विसावा बांबू ठोकत होते. दचकून वर पाहिलं, तर होडीत एक उंच, सावळा तरुण उभा. कपाळावर आठ्या... आणि माझ्या चिखलाने माखलेल्या गालाकडे बघून ओठांत दाबलेलं हसू!

"का म्हणून?" मी फणकारले. चिंचणीच्या वाडीत वडिलांच्या, आमच्या तात्यांच्या, लाडात वाढलेली मुलगी मी. कोणी उगाच दरडावलं की माझं डोकंच फिरतं.

"जागा आमची हाय, आजाच्या वेळेपासून. या खाडीत खुंट ज्याचा, जाळं त्याचं. सकाळपासून सगळं मुरबं गाव मला विचारतंय, नामदेव, जागा कोनाला दिलीस?"

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. मी विद्यापीठात वन्यजीवशास्त्र शिकत होते आणि प्रबंधासाठी निवडले होते निवटे, चिखलावर उड्या मारणारे ते बटबटीत डोळ्यांचे मासे. वीस बांबू, प्रत्येकाभोवती एक चौकोन, आणि वर्षभर दर अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला त्याच चौकोनांतली मोजणी. बांबू उपटले की माझं वर्ष पाण्यात.

"निवटे मोजायचे?" तो खो खो हसला. "खायचे सोडून?"

"हसा खुशाल! तिवरांची झाडं तुटली की निवटे कमी होतात का, ते मला बघायचंय. उद्या खाडीत काहीच उरलं नाही, तर तुमच्या जाळ्यात काय येणार?"

तो काठावरच्या तोडलेल्या तिवरांकडे बघत राहिला.

"नका उपटू," तो हळूच म्हणाला. "पन परक्याचा खुंट गाव ठेवत नाय... बघतो मी."

पुढच्या ओहोटीला आले, तर त्याच्या आई, हिराबाई, लुगड्याचा काचा मारून चिखलात उतरलेल्या, हातात चुन्याची डबी. माझ्या एकेका बांबूवर त्या दोन पांढरे पट्टे ओढत होत्या. ती त्यांच्या घराची खूण. घरच्या बाईनेच ती काढायची, अशी तिथली रीत.

"आता कोन हात लावतो बघू," हिराबाई म्हणाल्या. "आनि पोरी, पाय उचलू नको, सरकव. नायतर रुतशील."

पाय सरकवायला मी शिकले. पण रुतायचं ते रुतलेच.

नामदेव दर खेपेला होडी घेऊन हजर. मी मोजायची, तो वहीत लिहायचा. श्रावणातल्या रिपरिपीत प्लास्टिकचा कागद वहीवर धरायचा आणि स्वतः चिंब भिजायचा.

"सात... आठ..."

"नऊ."

"आठच आहेत!"

"मोठाले डोळे, चिखलात उड्या... नववा माज्यासमोर हाय की."

"मला निवटा म्हणता?"

"आमच्यात निवट्यापरीस ग्वाड काय नाय," तो म्हणाला, आणि घाईघाईने त्याने वहीत तोंड खुपसलं. मी त्या दिवशी तो चौकोन तीनदा मोजला. तिन्ही वेळा आकडा वेगळा!

एप्रिलमध्ये शेवटची मोजणी झाली. हिराबाई काठावर बोंबील वाळत घालत होत्या.

"झालं ना तुझं? बरं झालं. आता नाम्या जाळं टाकील."

"म्हणजे... टाकत नव्हते?"

"वरीसभर नाय. तुझे मासे हलतील म्हनून. दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हनून जायचा. तुला बोलला नाय?"

माझे डोळे भरून आले. वीस चौकोन वर्षभर डोळ्यांत तेल घालून मोजले मी, आणि समोरचा माणूस काय सोसतोय ते दिसलं नाही! स्वतःची लाज वाटली. आणि तो आवडला... तो तर केव्हाचाच आवडत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही बांबू काढायला गेलो. एकोणीस होडीत पडले. विसाव्याला त्याने हात घातला.

"हा राहू दे," मी म्हणाले.

"पट्टे धुवून गेलेत. खूण नसंल तर लोक काढतील."

"चुना आहे होडीत?"

"हाय... पन आय काठावर हाय."

"मला दे."

त्याने डबी पुढे केली आणि पुन्हा मागे घेतली. "शालू... चुना घरच्या बाईनंच लावायचा असतो. ठाऊक हाय ना तुला?"

"ठाऊक आहे म्हणूनच मागतेय."

"आनि तुझे तात्या?"

"तात्यांना मी सांगेन. तू फक्त त्यांच्यासमोर माझे डोळे निवट्यासारखे आहेत म्हणू नकोस."

तो हसला, आणि डबी माझ्या हातात आली. मी बोट बुडवून पहिला पट्टा ओढला, अगदी सरळ. दुसरा मात्र वाकडा गेला, कारण त्याने माझा हात धरला होता. मी पदराने तो पुसायला गेले...

तोच काठावरून हिराबाईंची हाक आली, "वाकडा तर वाकडा गो पोरी, पुसू नको!"