वसईला निघालेला रेडिओग्राम

तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसला नाही, म्हणून तर ही गोष्ट बिनधास्त सांगता येते.

साल अडुसष्ट. भाईंदर स्टेशनाजवळ राघो नावाचा रत्नागिरीकडचा एक तरुण रेडिओ दुरुस्त करायचा. दिसायला असा, की आरशानं वळून बघावं! आणि हाताला गुण असा, की त्याची चाहूल लागताच निम्मी यंत्रं भीतीनंच सुरू व्हायची. दुकानावर पाटी होती – ‘वर्षभर हमी’.

मिठागरवाल्या महिपतशेटांनी मुंबईच्या एका बंगल्यातून विलायती रेडिओग्राम आणला होता. कपाटाएवढा. वर तबकडी फिरायची आणि पोटातून आवाज यायचा. पण भाईंदरला आल्यापासून नुसती घरघर. राघोला बोलावणं गेलं.

तो यंत्रामागे वाकून बसला होता, तेवढ्यात कुणीतरी वरून फडकं झटकलं. सगळी धूळ त्याच्या डोक्यावर.

“अगं बाई! मागं मानूस हाय?”

“होता. आता नुसती धूळ उरलीय.”

ती खुदकन हसली. शेटांची मुलगी दुर्गा. केसांत अबोली, नजरेत मिस्कीलपणा... आणि राघोच्या हातातली तारा जोडायची तापलेली सळई नको तिथे टेकली.

“जमंल का तुमाला?” तिनं बोट फुंकणाऱ्या राघोला विचारलं. “मुंबईचे मेकॅनिक हात टेकून गेले.”

“त्यांना रोगच कळला नाही. मिठागराचा खारा वारा आत शिरतोय, तारांचे जोड हिरवे पडलेत.”

“म्हंजे तुमाला सारखं यावं लागंल...”

“छे! मी हात लावलेलं यंत्र मला परत बोलवत नाही.”

“असं?” तिनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. “मग एवढं चांगलं काम करता तरी कशाला?”

मग एका दुपारचं काम राघोनं आठवडाभर पुरवलं. तो जोड घासायचा, ती बॅटरीचा उजेड धरायची. उजेड कधी तारेवर, कधी त्याच्या चेहऱ्यावर.

“इकडे दाखव ना.”

“दाखवतेय की. तुमी कुठं बघताय?”

शेवटी यंत्र सुरू झालं. कसला आवाज, काय सांगू! मिठागरातले बगळे रांग धरून उभे राहिले आणि उत्तनच्या होड्या सूर ऐकायला अर्ध्या वाटेतून मागे वळल्या.

महिपतशेटांनी राघोच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास! रविवारी वसईचे पाव्हणे येतायत, आमच्या दुर्गाला बघायला. पसंती झाली की ह्ये यंत्र पोरीबरोबर द्यायचं. तू बी ये, मधीच बंद पडलं तर इज्जत जायची.”

शेट बाहेर गेले. दुर्गानं हळूच विचारलं, “एक तार ढिली राह्यली... तर?”

“तर माझं नाव जाईल.”

“आनि न्हाय राह्यली तर?”

राघोनं तिच्याकडे पाहिलं. तर... तू जाशील. ओठांपर्यंत आलं, पण बोलला नाही. त्यानं एकेक जोड पुन्हा घट्ट केला. हातानं खोटं काम होईना, त्याला तो तरी काय करणार?

“छान,” ती पाठ फिरवून म्हणाली. “लई भारी मेकॅनिक हाय तुमी.”

रविवार उजाडला. पाहुणे आले, पोहे झाले, तबकडी फिरली. आवाज असा स्वच्छ, की मुलाच्या बापानं पोह्यांची बशी बाजूला ठेवून डोळे मिटले. मुलगा बिचारा दुर्गाकडे कमी आणि यंत्राकडेच जास्त बघत होता.

“वसईला ह्ये बिघडलं तर?” बापानं डोळे उघडून विचारलं.

सगळ्यांच्या माना राघोकडे वळल्या. आणि राघो उठला! छाती पुढे, आवाज खणखणीत. म्हणाला, “यंत्र खुशाल न्या. कधीही हाक मारा, मी वसईला येईन. पण दुर्गाला नेऊ नका. तिच्यावाचून... माझं काही चालणार नाही.”

महिपतशेटांचा हात काठीकडे गेला, वाटेत थांबला, मग मिशीकडे वळला. आणि वसईकर? त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा यंत्राकडे, आणि बैलगाडी मागवली. शपथेवर सांगतो, यंत्र घेऊन हसत हसत गेले!

आणि दुर्गा... ती बिचारी लाजून चूर. मान जी खाली घातली, ती वर करेना. तोंडातून शब्द म्हणून –

“खोटं! साफ खोटं!” इतका वेळ गुपचूप तांदूळ निवडत ऐकणाऱ्या दुर्गाबाईंनी सूप खाली आपटलं. “म्हने लाजून चूर! वाचा बसली व्हती ती तुमची. नुसता घाम पुसत बसला व्हता. ‘यंत्र न्या, मला नेऊ नका, मला ह्योच मानूस पायजे’ – ह्ये बापासमोर उभी राहून मी बोलली. तुमी न्हाय!”