गंधाची तीन बोटं

“मशीन ठणठणीत आहे, मॅडम. तुम्हीच काहीतरी केलं असेल.”

रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जिथून लॅपटॉप घेतला, त्या दुकानातल्या कदिरवनचं माझ्याशी हे पहिलं वाक्य. संताप आला. ‘दुकानाच्या पूजेत मांडलेलाच घे, शुभ असतो,’ असा आईचा हट्ट, म्हणून आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेतला. घरी नेला आणि त्याचं सोंग सुरू झालं— आधी पडद्यावर हिरव्या रेघा, मग सगळं जागच्या जागी थिजलेलं. सोमवारी मार्गदर्शकांसमोर प्रबंधाचे निष्कर्ष मांडायचे होते, आणि एण्णूरच्या खाडीतल्या पाण्याचं माझं गणित एकदाही पूर्ण होत नव्हतं.

“बाराव्या मिनिटाला अडकतो, अण्णा. सतरा वेळा नोंद केलीये.” मी वही पुढे सरकवली.

“तेनमोळी...” त्याने वहीवरचं नाव वाचलं. मग आतलं पानन् पान वाचलं. माझी नोंदवही इतक्या मनापासून कुणी वाचली नव्हती. पण लॅपटॉप त्याच्या गार दुकानात, काही काम नसताना, अगदी शहाण्यासारखा चालला.

“बघा! घरी तुम्ही रागावत असाल त्याला.”

“मी यंत्रांवर रागावत नाही. माणसांवर रागावते.”

“ते दिसतंय.” तो हसला. “आणि अण्णा नको. कदिर म्हणा.”

“आधी काम करा.”

दोन दिवसांनी पुन्हा गेले. “तासभर ठेवा,” म्हणाला. ठेवला. “काही सापडलं नाही,” म्हणाला. उचलला.

तिसऱ्या खेपेला शनिवार होता. मी धुमसतच पोचले. “बिल काढा, तळाचा नंबर जुळवा, आणि हा परत घ्या!” म्हणत लॅपटॉप काउंटरवर उलटा केला.

तळाला, हवेच्या बारीक जाळीवर, वाळलेल्या गंधाचे तीन जाड पट्टे. भोकं पार बुजलेली. आत पंखा बिचारा गुदमरत होता!

“हे कुणी लावलं?”

“पूजेला... कुणीही लावतं—”

मधला पट्टा टोकाशी वाकला होता. मी त्याचा हात ओढून जाळीवर ठेवला. कधीतरी मोडून वाकडं बसलेलं त्याचं मधलं बोट त्या पट्ट्यावर अचूक बसलं.

“पडदा खराब होईल म्हणून पोटाला लावलं,” तो पुटपुटला.

“आणि म्हणे मीच काहीतरी केलं असेल!”

हात सोडायला हवा होता. सोडला... जरा उशिराने.

त्याने ब्रशने जाळी साफ केली. मी गणित लावलं. बारावं मिनिट आलं— आणि गेलं. दीड तासाने माझे निष्कर्ष पडद्यावर उभे होते.

“सात दिवसांत बदलून मिळेल, असं बिलावर आहे. देता आला असता ना?”

“आला असता.”

“मग?”

तो फडक्याच्या घड्या घालत राहिला. “दिला असता तर... तुम्ही परत आला नसता.”

“माझा प्रबंध होता, कदिर! तीन वर्षांचं काम!”

“चुकलो.” त्याने मान वर केली नाही. “खरंच चुकलो.”

“तक्रारवही द्या.”

त्याचा चेहरा पार उतरला. मी उभ्या उभ्या, स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘विक्रेत्याने निव्वळ स्वार्थापोटी ग्राहकाला तीन खेपा घालायला लावल्या.’

‘अपेक्षित भरपाई’च्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग लिहिलं:

‘सोमवारी संध्याकाळी साडेपाच, विद्यापीठासमोर, कॉफी. विक्रेत्याने स्वतः हजर राहावे. ग्राहक लॅपटॉप आणणार नाही.’