बरणीतली मैना

मी शाळेत विज्ञान शिकवतो. वर्गात कुणी भुताचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं, पोरांना विचारा.

अठ्ठावन्न साली सहलीहून येताना मेळघाटातून तळहाताएवढा केसाळ कोळी आणला. शाळेच्या कपाटात स्पिरिटमध्ये ठेवायचा होता. अकोल्याच्या जुन्या शहरात दोन खोल्यांत आम्ही दोघंच, मी आणि आई. आदल्या दिवाळीत बाबा गेले, तेव्हापासून आईनं अन्नच टाकलं होतं. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

बरणी चाचपून ती म्हणाली, "काहून मारतं बिचारीले? काही खायाले देल्लं काय?"

मी नाकतोडा सोडला. कोळ्यानं तो धरल्याचं सांगितलं, तशी आई म्हणाली, "मंग वाढ मले." कित्येक दिवसांनी अख्खी भाकर! मला रडूच आलं. मैना हे नाव तिनंच ठेवलं. रोज विचारायची, "मैना जेवली काय रे?" हो म्हटलं की ताटावर बसायची.

वैशाखात मैनानं खाणं सोडलं. नाकतोडा अंगावरून गेला तरी हलेना. आईही ताट सरकवू लागली. एका सकाळी मैना उताणी पडलेली, पाय वर. मी तिला अंगणातल्या शेवग्याखाली पुरलं आणि बेधडक सांगितलं, "जेवली न आई."

दुसरं काय करणार होतो? रिकाम्या बरणीत नाकतोडा सोडायचा, आईला फडफड ऐकवायची, मग गुपचूप काढून घ्यायचा. महिनाभर हेच चाललं. मग एका पुस्तकात वाचलं की कात टाकण्याआधी हे कोळी खाणं सोडतात आणि उताणे पडतात. अरे देवा! जिवंतच पुरली की काय? धावत जाऊन उकरलं. मैना होती तिथंच होती. वाळलेली, आठही पाय जागेवर.

हात धुऊन आत आलो. सकाळचा नाकतोडा काढायचा राहिला होता. बरणीच्या फडक्याला मीच मारलेली गाठ तशीच होती. आत नाकतोड्याचे दोन पाय.

"जेवली," आई म्हणाली. मी तोंडही उघडलं नव्हतं.

पुढच्या वैशाखात बरणीत कात सापडली. अखंड, केसांसकट. तळहाताहून मोठी.

मी कुणाला बोललो नाही. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. आई जेवत होती, गुणगुणत होती, शेजारणींशी कडाकडा भांडतही होती. नाकतोडे पकडायला मी खुशाल मोर्णा नदीच्या काठी हिंडायचो.

यंदा चौसष्ट साल. काल पडलेली कात बरणीच्या तोंडातून बाहेर निघेना.

"मोठी बरणी आणतो, आई."

"राहू दे लेका. बरणीत कुठं मावते ते आता?"

दोन भाकरी खाऊन ती भिंतीला टेकून बसली. चेहरा शांत. मांडीवर हात फिरवत होती.

हात मांडीला टेकत नव्हता. वीतभर वरूनच फिरत होता.