आधी येऊन गेलेली

राहुरीच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते. मुळा धरणात आमचं जुनं कोंढेगाव बुडालं आणि लोक वर माळावर येऊन राहिले. ते गाव डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता थोडीच उरलीत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपायच्या, असं गावच्या वाचनालयानं ठरवलं आणि काम माझ्याकडं आलं. ते माझ्याकडंच यायला हवं होतं. मी तिथलीच.

पहिल्यांदा सोपानकाकांकडं गेले. साखर कारखान्यातून रिटायर झालेले, बोलायला मोकळे. मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून त्यांच्यापुढं ठेवला.

"आता काय सांगू?" ते म्हणाले. "समदं त्या बाईला सांगितलं की."

"कोणत्या बाईला?"

"आली हुती एक. लई चांगलं ऐकती. मधी बोलत न्हाई."

मी मधे बोलते, हे मला घरीही ऐकवतात. ते शब्द दिवसभर टोचत राहिले. विद्यापीठातून कुणी आली असेल म्हणून चौकशी केली. कुणालाच ठाऊक नव्हतं.

भीमाबाईंकडंही ती जाऊन आली होती. तिच्याबद्दल सांगताना म्हातारी अशी खुलली, की मला तिथं बसवेना. माझ्यापुढं अशी कधी खुलली नव्हती.

"काय सांगितलंत तिला?"

"माझ्या लग्नाचं."

"मग मलाही सांगा."

भीमाबाईंनी तोंड उघडलं. थांबल्या. सुनेकडं वळून म्हणाल्या, "माझं लगीन कुठं झालं गं?"

"वय झालंय," सून मला म्हणाली.

भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता. भीमाबाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि सुनेला विचारलं, "ह्ये कोन?"

मी घाबरायला हवं होतं. पण परत येताना एसटीत एकच विचार डोक्यात होता. ते लग्न आता तिच्याकडं आहे, माझ्याकडं नाही.

पुढच्या आठवड्यात सोपानकाकांना धरणाचं पाणी चढलं त्या दिवसाबद्दल विचारलं. ते हसले. "कसलं पानी? आमी पयल्यापासनं हितंच."

मग मात्र मी मालनआत्याकडं धावले.

मला जन्म देताना आई गेली. आत्यानं वाढवलं. आई आणि ती जुन्या गावात एकत्र खेळलेल्या, पुढं नणंद-भावजय झालेल्या. पण आईचं नाव काढलं की आत्या उठून चुलीकडं जायची. मी हट्ट धरला नाही. कधीतरी सांगेल, आणि सांगेल ती मलाच, याची मला खात्री होती. तेवढी एक गोष्ट जगात फक्त माझी होती.

भर दुपार होती. विहारामागच्या गल्लीत शुकशुकाट पडलेला. आत्याचं दार लोटलेलं होतं आणि आतून तिचा आवाज येत होता.

ती बोलत होती. न थांबता. मधूनच कुणाचा तरी हलका हुंकार.

आईचं नाव ऐकू आलं. मग आत्या मनापासून हसली. इतक्या वर्षांत मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं.

मग माझं नाव आलं. "आमची शुभांगी," आत्या म्हणाली आणि तिनं आवाज खाली घेतला.

मी दाराला कान लावला. काही कळेना.

हुंकार आला.

मी दार ढकललं.

आत्या एकटीच चटईवर बसली होती. मागच्या दाराला आतून कडी. खिडकीला गज.

"कुठं गेली ती?"

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. चेहरा शांत, नुकत्याच झोपून उठलेल्या माणसासारखा.

"आईचं सांगितलंस तिला? मला का नाही सांगितलंस कधी?" माझा आवाज चढला. "ती कोण लागते तुझी?"

आत्या भिंतीला धरून उठली. परकं माणूस दारात आलं की घेते तसा तिनं डोक्यावर पदर घेतला.

"बसा," ती म्हणाली. "कोन पायजे तुमाला?"