एकोणऐंशीच्या बॅचची हजेरी

गेल्या डिसेंबरात आमच्या ग्रंथालयशास्त्र विभागात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. मी तिथे वर्गीकरण शिकवते. पुस्तकाला त्याची नेमकी जागा द्यायची हे माझं काम. त्यामुळे जे कुठेच बसत नाही त्याचा मला त्रास होतो. म्हणून हे सांगून टाकते.

एकोणऐंशीची बॅच सगळ्यांत आधी आली. सगळे सत्तरीला टेकलेले. संगणकांभोवती त्यांनी नुसता धुमाकूळ घातला.

"आमची बोटं वाकडी झाली पुस्तकांची कार्डं लिहून लिहून," त्यांच्यातले रुपराव मला म्हणाले, "अन् हे टिचकीत सांगून राहिलं वं!"

शामलाबाई मात्र वर्गाच्या दारातच थांबल्या. कोर्स संपल्यावर त्या पहिल्यांदाच इथे येत होत्या.

"आत या ना," मी म्हटलं.

"माही सुभद्रा नाही आत. मी काहून येऊ?"

रुपरावांनी मला बाजूला घेतलं. सुभद्रा त्यांच्याच वर्गातली, नरखेडकडच्या संत्र्यांच्या मुलखातली. रोज एस.टी.नं यायची, हजेरी संपता संपता, धापा टाकत. तिनं आणि शामलाबाईंनी एकाच ग्रंथालयात नोकरी करायचं ठरवलं होतं. निकालाआधीच सुभद्रा तापात गेली.

तेवढ्यात त्या बॅचला शिकवलेल्या चारुलता मॅडम खुर्चीत बसल्या. वय पंच्याऐंशी, आवाज तसाच खणखणीत. "हजेरी घेते," म्हणाल्या, आणि तोंडपाठ नावं सुरू केली. एकच हशा उसळला. पांढऱ्या केसांची माणसं शाळकरी पोरांसारखी उठून ओरडत होती, "हजर, मॅडम!"

मग संत्र्याचा वास आला. नुकतंच कुणी सोलल्यासारखा. खिडक्या बंद होत्या. कुणाच्याच हातात संत्रं नव्हतं.

"शामला."

"हजर," दारातून.

"सुभद्रा."

मॅडम विसरल्या असाव्यात. हशा थांबला. रुपरावांनी मान खाली घातली.

"हजर आहो, मॅडम!"

मागच्या बाकावरून. धापा टाकत.

तो आवाज विशीतला होता. माझे विद्यार्थी तर खाली पंगतीची तयारी करत होते.

मागचा बाक रिकामा होता.

"आजही उशीर?" मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.

शामलाबाई दारातून तडक त्या बाकापाशी गेल्या. कडेला सरकून, शेजारी जागा सोडून बसल्या. आधी रडल्या. मग हसू लागल्या, आणि दुपारभर हसतच राहिल्या. ते बघून बाकीचेही सैलावले. जेवणानंतर रुपराव चक्क नाचले. विभागात इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी शामलाबाई जिन्यापाशी आल्या. मी हात पुढे केला.

"राहू दे वं बाई. मले आधार आहे."

त्या कठडा न धरता उतरू लागल्या. हळू आवाजात काहीतरी सांगत, मधेच खुदकन हसत. डावा हात कोपरात किंचित उचललेला होता.

त्या हातावरची स्वेटरची बाही चार ठिकाणी आत दबली होती, बोटांनी दाबावी तशी.