यांचा पेन यांना देणे

"पेनासाठी डोंगर उतरून आला," रघुनाथमामा हसले. "पोथी लिहून राहिला का बे?"

ओसरीखाली उभा असलेला म्हातारा गोंड हसला नाही. मामांनी खिशातला बॉलपेन त्याच्या पायाशी फेकला. त्याने तो उचललाही नाही.

"आमचा पेन," तो पुन्हा म्हणाला. बाकी सगळं गोंडीत. डोंगरावरच्या त्याच्या वस्तीत हीच बोली. इथे पांढुर्ण्यात ती कोणाला कळत नसे, आणि कोणी विचारतही नसे.

"हाकला याला." मामा आत गेले.

चौऱ्याऐंशी सालची मे महिन्याची सुट्टी. सौंसरहून भाऊ विनायकसोबत आलेली छाया पायरी उतरली. म्हाताऱ्याजवळ त्याची नात गुलाब उभी होती.

"कसा होता गं पेन?"

गुलाबने तिला खालून वर न्याहाळलं. "लोखंडाचा. भाल्यासारखा. तुमच्या मामाच्या माणसांनी रस्ता करताना झाडाखालून उचलला. आमच्या बोलीत पेन म्हंजे देव."

छायाने मागे वळून पाहिलं. मामांच्या गोदामातलं भंगार आत्ताच ट्रकवर चढत होतं. नागपूरच्या भट्टीत जाणार, वितळणार.

"मामांना सांगू," विनायक म्हणाला.

"सांग. आधी ट्रक जाईल, मग ते ऐकतील."

चिठ्ठीशिवाय गोदामातून खिळाही बाहेर पडत नसे. छाया आत गेली.

"मामा, ते दोघं जाऊन नाही राहिले. पेन गोदामात आहे म्हणतात. चिठ्ठी द्या."

"कटकट आहे नुसती." मामांनी न बघता खरडलं:

*यांचा पेन यांना देणे.*
*रघुनाथराव*

गोदामाचे मुनीम पुंडलिकराव चिठ्ठी वाचून वैतागले. "इथं कुठला पेन?"

"तो." गुलाबने ट्रककडे बोट केलं. मोडक्या फावड्यांखाली गंजलेलं पातं.

"हा भाला आहे, पोरी."

"सही तर मालकांचीच आहे ना?" विनायकने विचारलं.

पुंडलिकरावांनी चिठ्ठी वहीत ठेवली. छायाने हात पुढे करताच गुलाबने तिचं मनगट धरलं. "तू नको. मीपण नाही. देवाला पुजारीच हात लावते, आजाच घेईल."

म्हातारा ट्रकवर चढला. डोक्याचं फडकं सोडून त्याने देव त्यात गुंडाळला.

तेवढ्यात मामा आले. चिठ्ठी त्यांनीच लिहिलेली, कोणावर ओरडणार? ते छायाकडे वळले. "उद्याच्या पहिल्या मोटारीनं दोघं घरी."

निघताना म्हातारा छायापाशी थांबला, गोंडीत काहीतरी बोलला.

"काय म्हणाले?"

गुलाब पहिल्यांदा हसली. "म्हणते, कसा पेन, हे साऱ्या गावात हिनंच विचारलं."