इकडे धुकं आहे

मंगळवार, दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं. जे काही झालं ते त्यानंतर.

केनियातल्या केरिचोच्या चहामळ्यांच्या वरच्या अंगाला, पत्र्याच्या दोन खोल्यांच्या घरात जेरोतिच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. आतल्या खोलीत तिची चार महिन्यांची चेरोप झोपली होती. नवरा चहाच्या कारखान्यात पाळीवर गेलेला. आभाळ भरून आलं होतं. दुपारी गारा पडायच्याच, त्यामुळे तिने अंगणातली लंगोटं आधीच आत आणून दोरीवर टाकली होती. घरभर ओल्या कपड्यांचा वास होता.

ती ज्यावर काम करायची ते यंत्र असं, की तान्ह्या बाळाच्या पायाला एक पट्टी बांधायची आणि भिंतीवर एक डबी लावायची. बाळाचा श्वास अडला की डबी किंचाळते. त्या डबीच्या पोटातला कोड जेरोतिच आणि तिचे सोबती आपापल्या घरी बसून लिहायचे, आणि बोलणं सगळं फोनवरच्या ग्रुपमध्ये. खालच्या इस्पितळात नऊ बाळांपाशी नऊ डब्या होत्या. दहावी चेरोपच्या पाळण्यावरच्या भिंतीला. नवीन काही केलं की ते आधी या दहाव्या डबीत जायचं आणि तासाभराने आपोआप उरलेल्या नऊ डब्यांत.

"चेरोपची आई, नर्सबाई वैतागल्यात," नैरोबीच्या मुसेम्बीने लिहिलं. "बाळाने नुसता पाय झाडला तरी डबी बोंबलते म्हणे."

"तुझ्यावर गेलीय. काही कारण नसताना बोंबलायचं."

"कोड माझा, गुण माझे!"

"पोरांनो, भांडण नंतर," नेकेसाने लिहिलं. ती किसुमूची, सगळ्यांत मोठी, तिला सगळे ताई म्हणायचे. "आज दुरुस्त होईल का तेवढं सांगा. मी बैठकीला चाललेय, दोन तास फोन बंद."

जेरोतिचने दुरुस्ती केली. डबी तीनदा उगाच वाजली तर तिने एक मिनिट गप्प बसायचं, एवढंच. दहा मिनिटांचं काम. पण त्यांचा एक नियम होता. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचायचं आणि 'पाहिलं' अशी सही करायची. त्या सहीशिवाय काम पुढे सरकतच नसे.

"मुसेम्बी, पाहतोस का?"

"मटाटूच्या गाडीत कोंबलेला आहे गं. शेजारच्या मावशीची कोंबडी माझ्या मांडीवर बसलीय. तीच पाहील म्हणते. एक तास थांब ना."

एक तास! जेरोतिचने आतल्या खोलीकडे कान लावला. पोर उठलं की आज काम होणार नव्हतं, आणि तिकडे नर्सबाई वैतागून डब्या बंदच करून टाकतील ही भीती. तेव्हा तिला किमुताई आठवला.

किमुताई त्यांच्यातला चौथा. वरच्या डोंगरात राहायचा, तिथे धुकं उतरलं की फोन लागत नसे. म्हणून त्याने कामाला आणि ग्रुपला दोन्हीकडे चालणारा आपला पासवर्ड जेरोतिचला देऊन ठेवला होता. "धुक्यात मी मेलो समज, माझी सही तूच कर," असं म्हणून हसायचा. सही करताना त्याची एक खोड होती. पाहिलं म्हणून झालं की खाली लिहायचा, 'इकडे धुकं आहे.' दीड महिन्यापूर्वी त्याच धुक्यात त्याची मोटारसायकल दरीत गेली. त्याचं नाव ग्रुपमधून काढायला कोणाचा हात धजला नव्हता.

जेरोतिच त्याच्या नावाने आत शिरली. बोट क्षणभर थांबलं. मग तिने लिहिलं, 'पाहिलं.' आणि लगेच बाहेर पडली.

काम पुढे सरकलं. दोन वाजून चौतीस मिनिटं झाली होती.

आत डबी वाजली. ती धावत गेली तर चेरोप झोपेत पाय झाडत होती. पुन्हा वाजली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा जेरोतिचने नुसतं दारातून डोकावलं. आता डबी मिनिटभर गप्प बसेल, म्हणजे दुरुस्ती जमली, अशा समाधानाने ती परतली.

फोनवर ग्रुप उघडाच होता. खाली बारीक अक्षरांत दिसत होतं, 'किमुताई लिहीत आहे…'

"जेरो," मुसेम्बीचा मेसेज आला. "त्याच्या खात्यात तू आहेस ना?"

"होते. सहीपुरती. केव्हाच बाहेर पडले."

"मग हे कोण लिहितंय?"

पत्र्यावर एक गार पडली, मग दुसरी, आणि मग एकदम सगळं आभाळच कोसळलं. दिवे गेले. भर दुपारी खोलीत काळोख दाटला. गारांच्या आवाजात स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येईना. फोनचा उजेड तेवढा उरला होता, आणि त्यात ती ओळ. लिहीत आहे… लिहीत आहे…

मग शब्द उमटले.

"मी पाहिलेलं नाही. इकडे धुकं आहे."

जेरोतिचने ती ओळ दोनदा वाचली.

"जेरो, मस्करी असली तर थांबव हं," मुसेम्बीने लिहिलं. "मी खरंच घाबरलोय."

"मी नाही… देवाशपथ मी नाही."

तिने किमुताईचा पासवर्ड बदलला. आता त्या खात्यात तिच्याशिवाय दुसरा जिवंत माणूस शिरूच शकत नव्हता. ती पडद्याकडे पाहत राहिली.

'किमुताई लिहीत आहे…'

"पुन्हा वाच."

तेवढ्यात तिला वास आला. किमुताई एकदा तिच्या घरी आला होता तेव्हा त्याने आईने दिलेला, आंबट दुधाने भरलेला वाळक्या भोपळ्याचा चंबू आणला होता, आतून कोळशाने घासलेला. तोच वास, कोळसा आणि आंबट दूध. दाराला कडी होती. खिडकी बंद होती. वास आतल्या खोलीकडून येत होता.

"वाच."

तिने वाचलं. आपलंच लिखाण, पण या वेळी ओळ न् ओळ, बोट ठेवून. आणि पाचव्या ओळीवर बोट थिजलं. तीनदा वाजून झाल्यावर मोजणी पुन्हा शून्यावर आणायची असते. ती ओळ लिहायचीच राहिली होती. म्हणजे डबी मिनिटभर गप्प बसणार नव्हती. ती कायमची गप्प झाली होती.

आणि चेरोपची डबी तीनदा वाजून गेली होती.

लॅपटॉप कुठे पडला ते तिला कळलंच नाही. आतल्या खोलीत बॅटरीवर चालणाऱ्या डबीचा दिवा लाल पेटला होता. नुसताच पेटला होता, आवाज नाही. पाळण्यात पोर पालथं झालेलं, तोंड दुपट्यात रुतलेलं. तिने उचललं तर मान लुळी आणि ओठ जांभळे. "चेरोप… ए बाय माझी… रड ना गं… रड!" तिने पाठीवर थोपटलं, पालथं धरलं, तोंडात फुंकर घातली. गारांखाली काहीच ऐकू येईना. किती वेळ गेला देव जाणे. मग त्या इवल्याशा छातीत एक उचकी आली, आणि पोरीने असा टाहो फोडला की पत्र्यावरच्या गारासुद्धा फिक्या पडल्या.

जेरोतिच तिला छातीशी घट्ट धरून जमिनीवर बसली. वास हळूहळू विरत गेला. आणि मग तिला इस्पितळातली नऊ बाळं आठवली. तास भरत आला असेल!

एका हातात पोर धरून तिने फोन उचलला. काम मागे घ्यायला गेली तर ते आधीच मागे घेतलेलं होतं. वेळ, दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटं. मागे घेणारा किमुताई. खाली सही, 'पाहिलं. जेरोतिच.'

दोन अठ्ठावन्नला तिचे दोन्ही हात पोरीच्या पाठीवर होते.

ग्रुपमध्ये एक शेवटचा मेसेज होता. "तू माझ्या नावाने केलीस, मी तुझ्या नावाने केली. आता असंच चालेल. इकडे धुकं आहे."

संध्याकाळी तिने नेकेसाला सगळं सांगितलं, एक शब्द न चोरता. ताई रागावली नाही. मग तिने किमुताईच्या आईला फोन केला, तिची परवानगी घेतली आणि त्याचं नाव ग्रुपमधून काढलं. सगळ्यांनी दोन दोन शब्द लिहून त्याला निरोप दिला. जेरोतिचला रडू आवरेना. त्यानेच पोर वाचवलं होतं, आणि त्यालाच आपण दाराबाहेर काढत होतो.

शनिवारी मुसेम्बीचा फोन आला. आवाज खाली गेलेला.

"चेरोपची आई, माझं काम तू पाहिलंस?"

"नाही रे. सकाळपासून पोरीलाच घेऊन बसलेय. फोनला हातसुद्धा लावला नाही."

"तुझी सही आलीय. 'पाहिलं. इकडे धुकं आहे.'"

जेरोतिचने दाराबाहेर पाहिलं. लख्ख ऊन पडलं होतं. मळ्याच्या टोकापर्यंत पानन् पान दिसत होतं.

"पण त्या कामात चूक होती, जेरो," मुसेम्बी म्हणाला. "मला सहीनंतर सापडली. किमुताईने खरंच पाहिलं असतं, तर सोडली नसती गं… मग हा कोण आहे?"

त्या दिवशी नेकेसाने असंच काम करणाऱ्या सगळ्या ग्रुपना पाठवायला एक मेसेज लिहिला. किसुमूच्या सरोवराकाठी तेव्हा अंगाची लाही होत होती. तिने तो जेरोतिचला फोनवर वाचून दाखवला. एकूण पाच वाक्यं. जेरोतिचने बोटांवर मोजली, कारण आता ती सगळंच दोनदा तपासायची. मग ताईने पाठवला, आणि जेरोतिचच्या हातात फोन थरथरला. आलेल्या मेसेजात सहा वाक्यं होती:

"मेलेल्या माणसाच्या नावाने सही करू नका. जेरोतिचची सही आली तर तिला फोन करा. तिचा आवाज ऐका, मागे बाळाचा आवाज ऐका, मगच काम पुढे जाऊ द्या. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला कळवा. ज्याला कळवाल त्याला पुढे कळवायला सांगा. इकडे धुकं आहे."